आमची शाळा लाल रंगात

आज शिक्षण परिषदेत, म्हणजे आसपासच्या शाळांतल्या शिक्षकांच्या बैठकीत, पडद्यावर आमच्या केंद्रातल्या शाळांची यादी लावली. हिरव्या, पिवळ्या, लाल. एप्रिलच्या पॅट, म्हणजे सरकारी मूल्यमापन चाचणीच्या गुणांवरून. आमची लाल, पार तळाला. ते गिळलं, सवय झालीय. पण घरी येईपर्यंत त्या पडद्याचा फोटो गावच्या ग्रुपवर पोचला होता आणि खाली एका भाऊंनी विचारलं होतं, "मॅडम, पगार कशाचा घेता?"

भाऊंची दोन्ही लेकरं व्हॅननं तालुक्याच्या इंग्लिश मीडियमला जातात. ग्रुपवर बोलले असते तर रात्रभर तेच चाललं असतं, म्हणून इथं लिहितेय.

त्या चाचणीला माझ्या तिसरीच्या वर्गात एक पोरगी बसली होती. दिवाळी झाल्या झाल्या आईबापाबरोबर कर्नाटकातल्या साखर कारखान्याला ऊसतोडीला गेलेली, ती चाचणीच्या तोंडावर परत आली. हातांवर पाचटाचे चरे, कडेवर धाकटा भाऊ. त्याला ठेवायचं कुणाजवळ, म्हणून तोही वर्गात. त्याच्या हातात खडू दिला, हिच्या हातात पेपर. चाचणी सगळ्या महाराष्ट्राला एकच, बरोबर ना?

गणिताचं शाब्दिक उदाहरण वाचता वाचता ती दुसऱ्याच ओळीला अडकली. बसून राहिली. मधल्या सुट्टीत खिचडी खाताना मी सहज विचारलं, यंदा उचल (ऊसतोडीआधी घेतलेली आगाऊ रक्कम) फिटली का गं? पोरीनं बोटांवर मांडणी सुरू केली. कोयत्याचे टन किती झाले, टनाला काय मिळाले, आईला ताप आला तेव्हाचे खाडे, मुकादमाकडून किराण्याला घेतलेले पैसे. सगळं वजा करून "अजून एवढे अंगावर आहेत बाई" म्हणून आकडा सांगितला. कागद नाही, पेन्सिल नाही. मी नंतर तिच्या बापाला विचारलं. आकडा बरोबर होता.

आणि हिचे गणिताचे गुण सरकारच्या गुण भरायच्या चॅटबॉटवर मीच भरलेत.

हो, आमच्यात कामचुकार आहेत. सही करून शेताकडं जाणारेही आहेत, ठाऊक आहे मला. पुढं.

त्या यादीत शाळेचं नाव होतं, सरासरी होती. शाळेत बसतं कोण, याचा रकाना कुठाय? माझ्या पटावर तांड्यावरची लेकरं आहेत. घरी गोरमाटी बोलतात, पहिलीत मराठी पुस्तक उघडलं की निम्मं नवंच. फडावरून येणारी-जाणारी आहेत. आईबाप पुण्याला बांधकामावर आणि आपण आजीजवळ, अशी आहेत. ज्यांना व्हॅन परवडली ती केव्हाच गेली. म्हणजे साय काढून घ्यायची आणि उरलेल्या दुधाला पातळ म्हणायचं! त्या व्हॅनवाल्या शाळा प्रवेशाआधी आईवडिलांना बसवून प्रश्न विचारतात. आरटीईत, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात, याला बंदी आहे, पण विचारतात. त्यांच्या दारात एप्रिलमध्ये भावाला कडेवर घेऊन एखादी पोरगी उभी राहिली तर काय होईल, सांगा. मला तिला नाही म्हणता येत नाही. म्हणायचंही नाही.

पट कमी होतो तशी संच मान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवताना, शिक्षकाची जागा डळमळते. साठपर्यंतच्या पटाला कायद्यानं शिक्षक दोन. चार वर्ग, दोन माणसं, त्यातलं एक महिन्यातून कितीतरी दिवस बीएलओच्या, म्हणजे मतदारयादीच्या कामाला. निवडणुकीचं काम आरटीईच्या कलम 27 नं शिक्षकांना देता येणाऱ्या कामांत बसतं, त्यामुळं तक्रारही करायची सोय नाही.

कुणीतरी डिसले गुरुजींचं नाव काढणारच. परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या शिक्षकाला 2020 साली ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, मलाही अभिमान आहे. पण ते उदाहरण तुम्ही आमच्या तोंडावर मारायला वापरता, त्याची चीड येते.

जाताना मी त्या पोरीला शिक्षण हमी पत्रक भरून दिलं होतं. नियमानं ते दाखवलं की जिथं जाईल तिथल्या शाळेत बसता येतं. ती गेली तिथली जवळची शाळा कन्नड. पत्रक आईनं जपून, घडी न मोडता परत आणलं. पूर्वी कारखान्यांजवळ ऊसतोड्यांच्या लेकरांसाठी साखरशाळा असायच्या, त्याही आरटीईनंतर मागं पडल्या. पाच-सहा महिने ही भाऊ सांभाळत, मोळ्या मोजत राहिली, आणि मग तुमचा लाल रंग.

आता राग थोडा उतरलाय, तर भाऊ, तुमच्याशीच बोलते. तुम्ही याच शाळेत शिकलात. आईवडील फडाला जायचे तेव्हा चुलतीनं तुम्हाला ठेवून घेतलं, हे तुम्हीच 15 ऑगस्टच्या भाषणात सांगितलंत. डोळे भरले होते तुमचे, माझेही. तुमचे गुरुजी चांगलेच असणार. पण त्या चुलतीनं दोन वेळची भाकरी घातली नसती तर गुरुजींनी कुणाला शिकवलं असतं? तुम्ही व्हॅन लावलीत त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, कुठले आईबाप लावणार नाहीत?

ती पोरगी आता चौथीत आहे. परवा तिच्या आजीकडं जाऊन आले. म्हटलं, यंदा नातीला पाठवू नका, इथंच ठेवा, हंगामी वसतिगृहात (आईबाप फडाला गेले की मागं राहिलेल्या लेकरांची गावातच सोय) नाव घालते. आजी आधी म्हणाली, मग फडावर पोराला कोण बघंल? म्हटलं, त्यालाही ठेवा, अंगणवाडीत बसवू. बराच वेळ गप्प बसून म्हणाली, माझ्याच्यानं दोघांचं रांधणं होत नाही, जेवण मिळणार असंल तर ठेवते. पण टोळी निघायच्या आधी सांगा, नंतर नको.

टोळ्या दसरा-दिवाळीला निघतात. वसतिगृहाची मंजुरी कधी येते, ते शाळा व्यवस्थापन समितीत बसलेल्या कुणालाही विचारा. ती कोणत्या टेबलावर अडते, त्याची यादी लावा एकदा पडद्यावर. त्यात कोणाला लाल करायचं ते मी सांगते.