दुनळीचा गंज आणि आजोबांचं डुक्कर

आमच्या घराण्यात पराक्रम एकच आणि त्याला साक्षीदारही एकच. पराक्रम म्हणजे आजोबांनी लोळवलेलं रानडुक्कर आणि साक्षीदार म्हणजे त्यांची बारा बोअरची दुनळी बंदूक. पहिला बार हुकला, डुक्कर अंगावर आलं, आजोबांनी पापणीही न लववता डाव्या नळीचा बार टाकला आणि ते धूड त्यांच्या पायाशी येऊन कोसळलं. ही कथा काका सांगतात. डुकराचं वजन समोर कोण बसलंय ते बघून ठरतं. साक्षीदार मात्र वर्षानुवर्षं खुंटीला लटकून आणि मग लोखंडी पेटीत पडून इतका गंजला होता की साक्ष द्यायला तोंडही उघडेना.

बंदुकीचा परवाना काकांच्या नावावर, त्यामुळे तिचा गंज काढायचा हुकूमही त्यांचाच. काम माझ्याकडे आलं, कारण मी कधीतरी कुणाच्या तरी सायकलची चेन बसवून दिली होती. अशा उपकारांची परतफेड घरात अशीच होते.

पहिला प्रश्न साधा होता : हिच्यात काडतूस आहे का? बंदूक मधून मोडायची, म्हणजे नळ्या खाली झुकवून मागचं तोंड उघडायचं, आणि बघायचं, एवढंच. पण गंजाने ती उघडायची कळ जाम झालेली. "रिकामीच आहे रे," असं काका ठासून म्हणाले आणि म्हणता म्हणता दाराच्या चौकटीबाहेर जाऊन उभे राहिले. अशा वेळी एक जुनी युक्ती असते. नळीत लाकडी काठी सोडायची, जिथवर गेली तिथे खूण करायची आणि ती बाहेरून नळीला लावून बघायची. नळी रिकामी असेल तर काठी पार मागच्या टोकापर्यंत पोचते, काडतूस असेल तर तेवढी लांबी कमी भरते. उजव्या नळीत काठी शेवटपर्यंत गेली. डावीत अर्ध्यावरच अडली. म्हणजे मध्ये काहीतरी आहे, आणि त्याच्या मागे आणखी काय आहे ते देव जाणे. खोली क्षणात रिकामी झाली. मीही बंदूक भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि बाहेर गेल्यावर 'घाबरायचं काही कारण नाही' असं सगळ्यांना समजावलं.

शेवटी बंदुकांचं काम करणारा कारागीर घरी आला. मुरणारं तेल सोडून, थांबून, पुन्हा सोडून त्याने कळ हलवली. मागून दोन्ही नळ्या रिकाम्या निघाल्या. डावीच्या मध्यात कुंभारमाशीने मातीचं बंगलेवजा घर बांधलं होतं. "हे असताना बार काढला असता तर नळी फुटली असती," तो शांतपणे म्हणाला. काकांनी पाणी मागवलं.

मग त्याने जी गोष्ट दाखवली ती दाखवायला नको होती. काडतुसाच्या बुडाला टेकणाऱ्या पोलादी तोंडावर, काडतुसावर आपटणारी पिन बाहेर यायचं भोक असतं. बार झाला की काडतुसाच्या बुडात पहिली ठिणगी देणाऱ्या टोपीतला गरम वायू त्याच्याभोवती गळतो आणि तिथलं पोलाद हळूहळू कुरतडलं जातं. उजव्या भोकाभोवती ती कुरतड अगदी स्पष्ट होती. डावीकडचा पृष्ठभाग जसा घडवला तसा, कोरा. "डाव्या नळीने फारसं काही केलेलं दिसत नाही," कारागीर म्हणाला.

खोलीत शांतता पसरली. रानडुक्कर डाव्या नळीने मेलं होतं.

काकांनी विषय बदलला. "सँडपेपर आणू का? एका दुपारी चकाचक!" मी नळ्या पोटाशी धरल्या. सँडपेपरने गंज जातो खरा, पण त्याच्यासोबत नक्षी, बनवणाऱ्याचं नाव आणि चाचणीचे ठसेही जातात. गंज तेलात भिजवायचा आणि ब्राँझच्या तारेच्या लोकरीने हलके हलके घासायचा. ब्राँझ पोलादापेक्षा मऊ, त्यामुळे लाल थर निघतो आणि खालची जुनी काळपट झाक टिकते. हे काम करताना माणूस वृद्ध होतो, पण बंदूक होत नाही.

स्क्रू हा वेगळाच छळ. त्यांची खाच केसाएवढी बारीक आणि प्रत्येक स्क्रू त्याच्याच भोकासाठी हाताने बसवलेला, त्यामुळे अदलाबदल चालत नाही. मी पुठ्ठ्यावर बंदुकीचं चित्र काढून एकेक स्क्रू जागच्या जागी खोचला. घरात येणारा प्रत्येक जण त्यातला एक उपसून "हा कुठला?" असं विचारत असे.

बंदूक उडवायची नाही हे मात्र ठरलं. नळीच्या आत गंजाने खड्डे पडलेले, आणि तिचा काडतुसाचा कप्पा जुन्या ६५ मिलिमीटर लांबीचा. आजची काडतुसं सर्रास ७० ची. हे ऐकून काकांचा चेहरा उजळला. उडवायचीच नाही म्हटल्यावर साक्षीदाराची उलटतपासणी संपली. त्याच रात्री पाहुण्यांसमोर डुक्कर उजव्या नळीने, पहिल्याच बाराला पडलं. वजनही वाढलं होतं.

उरला रंग. दोन नळ्या मधल्या पट्टीला डाख देऊन जोडलेल्या असतात आणि झटपट काळं करणाऱ्या गरम कॉस्टिकच्या द्रावणात तो डाख सुटू शकतो. म्हणून जुनीच रीत धरायची. ती अशी : आधी सगळा गंज काढायचा, तेलाचा अंशही पुसायचा, आणि मग मुद्दाम गंज चढवायचा! आम्लाचं द्रावण पातळ फिरवून नळ्या दमट जागी टांगायच्या. लाल लव आली की उकळत्या पाण्यात सोडायच्या. तिथे लाल गंजाचा काळा ऑक्साइड होतो. तो हलका घासायचा, की पुन्हा पहिल्यापासून. रंग गडद होईपर्यंत हेच.

बंद न्हाणीघरात पहिली लव सुरेख आली होती. सकाळी बघतो तर नळ्या लख्ख, शिवणयंत्राच्या तेलात न्हाऊन निघालेल्या. शेजारी काकू फडकं पिळत उभ्या.

"एवढ्याशा गंजाला इतके दिवस कसले लागतात रे तुला?"