‘कोणावरही अवलंबून न राहता’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

मोटारहोममधील आमच्या वास्तव्यावर मी लिहिलेल्या लेखाबद्दलची आपली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. पहिल्या वेळी राग आला, दुसऱ्या वेळी त्यातील दोन मुद्दे बोचले आणि तिसऱ्या वेळी मी आमची नोंदवही घेऊन हिशेबाला बसले. उत्तराला आठवडा लागला तो त्यामुळे.

ज्यांनी मूळ लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ‘गेली दोन वर्षे आम्ही दोघे कोणावरही अवलंबून न राहता गाडीत राहत आहोत’ असे वाक्य मी त्यात लिहिले होते. त्यावर आपला आक्षेप असा, की याला स्वावलंबन म्हणता येणार नाही. पाणी, रस्ते, गटारे यांची व्यवस्था एका जागी वस्ती करून राहणाऱ्यांनी उभी करायची आणि आम्ही रात्री येऊन तिचा लाभ घेऊन पहाटे निघून जायचे, असा हा प्रकार आहे. डिझेल जाळत निसर्गाच्या सान्निध्याच्या गोष्टी सांगणे आपल्याला दांभिकपणाचे वाटते. छायाचित्रांत सूर्योदय दिसतो, मग शौचालय का दिसत नाही, असेही आपण विचारले आहे. आजारपणात आणि म्हातारपणी काय करणार, आणि हे सारे किती दिवस चालणार, हे आपले शेवटचे दोन प्रश्न.

पाण्यापासून सुरुवात करते, कारण माझे वाक्य सर्वांत आधी तिथेच कोसळते. आमच्या गाडीत पिण्याच्या व वापराच्या पाण्याची मिळून 100 लिटरची टाकी आहे आणि ती आम्हाला सरासरी पाच दिवस पुरते. म्हणजे माणशी, दिवसाला 10 लिटर. हा आकडा मी लेखात काहीशा अभिमानाने दिला होता. जागतिक आरोग्य संघटना माणसाच्या मूलभूत गरजांसाठी दिवसाला 50 ते 100 लिटर पाणी लागते असे सांगते. मग आम्ही इतरांपेक्षा पाचपट शहाणे झालो का? नोंदवही चाळल्यावर उत्तर मिळाले. आमचे कपडे सार्वजनिक धुलाईकेंद्रात धुतले जातात, डोक्यावरून अंघोळ आठवड्यातून दोनदा एखाद्या कॅम्पसाइटच्या न्हाणीघरात होते आणि दिवसा जिथे सार्वजनिक स्वच्छतागृह असेल तिथे आम्ही तेच वापरतो. यातला एकही लिटर आमच्या टाकीतून जात नाही, त्यामुळे तो आमच्या हिशेबातही येत नाही. भांडी आधी पुसून मग धुणे, नळाऐवजी पायाने दाबायचा पंप बसवणे, अशा सवयींनी पाणी खरोखर वाचते. परंतु उरलेली तफावत काटकसरीची नाही, दुसऱ्यांच्या नळांची आहे. हा मुद्दा आपण आकडेवारी न पाहताही बरोबर ओळखला.

आता शौचालय, ज्याचे छायाचित्र मी दिले नाही. आमच्याकडे कॅसेट प्रकारचे शौचालय आहे. बैठकीखाली साधारण 18 लिटरची एक बंद टाकी असते, ती गाडीच्या बाहेरच्या बाजूने एका दारातून ओढून काढता येते आणि नेमून दिलेल्या जागी रिकामी करावी लागते. दोन माणसांत ती अडीच दिवसांत भरते. घरात राहणाऱ्याचा मैल्याशी संबंध साखळी ओढली की संपतो. आमचा मात्र दर अडीच दिवसांनी नव्याने सुरू होतो. एकदा रिकामी करण्याची जागा डागडुजीसाठी बंद निघाली आणि पुढची जागा 40 किलोमीटरवर होती. तो रस्ता वळणावळणाचा होता, इतकेच सांगते.

‘मग कंपोस्ट टॉयलेट का बसवत नाही?’ असे याच प्रतिक्रियेत आपण सुचवले आहे. त्यात मूत्र व विष्ठा वेगळी ठेवली जातात, त्यामुळे दुर्गंधी पुष्कळ कमी होते आणि रसायनेही लागत नाहीत, हे त्याचे खरे गुण आहेत. त्याच्या नावाबद्दल मात्र मला शंका आहे. मैल्याचे सुरक्षित खत व्हायला अनेक महिने लागतात. गाडीतील भांडे काही दिवसांत किंवा फार तर काही आठवड्यांत रिकामे करावेच लागते. बाहेर पडते ते खत नसते, भुशात मिसळलेला आणि थोडाफार वाळलेला मैला असतो. तो रानात पुरून ‘निसर्गाला परत दिले’ म्हणणारे मला भेटले आहेत आणि त्यांच्याबद्दल मला आपल्यापेक्षा जास्त राग आहे.

भांडी आणि अंघोळ यांच्या सांडपाण्याबाबतही असाच गैरसमज असतो. साबणावर ‘विघटनशील’ असे छापलेले असले, की ते पाणी ओढ्याकाठी सोडायला हरकत नाही असे समजले जाते. असा साबण मातीतल्या जिवाणूंकडून विघटित होतो, वाहत्या पाण्यात नव्हे. जलस्रोतापासून 60 मीटर दूर जाऊन गाळलेले पाणी शिंपडावे, हा संकेत पाठीवर पिशवी घेऊन फिरणाऱ्या आणि एकच पातेले धुणाऱ्या माणसासाठी आहे. 70 लिटरची टाकी एका जागी उपडी करणाऱ्याला त्याचा आधार घेता येणार नाही. आमच्या टाकीची झडप एकदा रात्री सैल होऊन सकाळी गाडीखाली डबके साचले होते. शेजारी उभ्या असलेल्या गृहस्थांनी ते पाहिले आणि काही बोलले नाहीत. मला ते बोलण्याहून जड गेले.

विजेच्या बाबतीत आपली टीका थोडी निसटती आहे, पण निष्कर्ष चुकलेला नाही. आमच्या छतावर 300 वॅटची सोलर पॅनेले आहेत. शीतकपाट, दिवे, पंखा, दोन लॅपटॉप आणि फोन मिळून दिवसाला सुमारे 0.8 युनिट वीज लागते आणि लांब, निरभ्र दिवसांत पॅनेले तेवढी सहज देतात. प्रत्येकी 100 अँपिअर-तासाच्या, 12.8 व्होल्टच्या दोन लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटऱ्यांत अडीच युनिट साठतात, म्हणजे तीन ढगाळ दिवस निघतात. चौथ्या दिवशी काय होते, ते मी लेखात लिहिले नव्हते. चौथ्या दिवशी आम्ही गाडी चालवतो. इंजिनाच्या आल्टरनेटरवरून चार्जर सुमारे 400 वॅट देतो, त्यामुळे दोन तासांच्या प्रवासात एका दिवसाची वीज जमा होते. कित्येकदा ‘पुढच्या गावाची ओढ लागली’ असे मी जिथे लिहिले, तिथे खरे कारण बॅटरीचा उतरलेला आकडा होता.

कडाक्याच्या थंडीत तर याहून विनोदी परिस्थिती येते. लिथियम बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज केली तर आतल्या ऋणाग्रावर धातुरूप लिथियम साचते आणि तिची क्षमता कायमची घटते. म्हणून बॅटरीतील नियंत्रक अशा वेळी चार्जिंगच नाकारतो. छतावर लख्ख ऊन असते आणि बॅटरी ते घेत नाही. ती उबदार करण्यासाठी आम्ही डिझेलवर चालणारा हीटर लावतो. सौरऊर्जा घेता यावी म्हणून आधी डिझेल जाळायचे, हे चित्र आपल्या प्रतिक्रियेत असते तर ती अधिक धारदार झाली असती.

डिझेलचा हिशेब आता सरळच मांडते. एक लिटर डिझेल जळले की सुमारे 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. आमची गाडी 100 किलोमीटरला 10 लिटर डिझेल घेते. पहिल्या वर्षी आम्ही 24,000 किलोमीटर फिरलो, म्हणजे साधारण साडेसहा टन. दुसऱ्या वर्षी 7,000 किलोमीटर, म्हणजे दोन टनांच्या थोडे आत. त्यात हिवाळी रात्रींचा हीटर धरलेला नाही आणि तो एका रात्रीत दीड-दोन लिटर सहज खातो. ‘निसर्गाच्या सान्निध्या’बद्दलची माझी सर्वांत भारावलेली वाक्ये पहिल्या वर्षातली आहेत. यावरून एक गोष्ट मला पटली आहे. गाडीत राहणे आणि गाडीतून फिरणे यांचा हिशेब वेगवेगळा करायला हवा. एका जागी तीन आठवडे थांबणारे मोटारहोम हे छोटे घर असते. रोज नवे ठिकाण गाठणारे मोटारहोम हे स्वयंपाकघर घेऊन धावणारे मालवाहू वाहन असते. वेगाचाही यात वाटा आहे. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे ताशी 90 ऐवजी 110 किलोमीटरने गेले तर तो जवळजवळ दीडपट होतो, आणि आमच्या गाडीचा दर्शनी भाग एखाद्या कपाटासारखा सपाट आहे.

रस्त्यांबाबतचा आपला आरोप मात्र मला मान्य नाही. इंधनावरील कर आणि वाहनकर आम्हीही भरतो, आणि रस्त्याची झीज आसावरील भाराच्या ढोबळमानाने चौथ्या घातात वाढते, हा अभियंत्यांचा नियम लावला तर साडेतीन टनांच्या आमच्या गाडीमुळे होणारी झीज भरलेल्या मालमोटारीच्या तुलनेत नगण्य ठरते. साध्या मोटारीपेक्षा ती बरीच जास्त असते, हेही त्याच नियमाने मान्य करावे लागते.

रात्री कुठेही थांबण्याबद्दल आपण जे लिहिले आहे, तिथे मी अर्धी आपल्या बाजूने आहे. या जगण्यातील पुष्कळ लोक ‘निसर्गात मुक्त संचाराचा हक्क’ असा शब्दप्रयोग फार सैलपणे करतात. स्वीडनमधील तो प्रसिद्ध सार्वजनिक हक्क रस्ता सोडून मोटार चालवण्यास लागू नाही. स्कॉटलंडच्या 2003 च्या कायद्याने दिलेला मुक्त प्रवेशही मोटारवाहनाने जाणाऱ्यांसाठी नाही. जर्मनीत चालकाचा शीण जावा म्हणून वाहनात एक रात्र झोपणे चालते; त्याच जागी खुर्च्या मांडून छत्री उघडली, की ते थांबणे न राहता तळ ठोकणे होते. हा फरक साधा आहे आणि तरीही सर्वांत जास्त तोच मोडला जातो. एका वळणावर एक गाडी उभी राहिली तर कोणाच्या लक्षातही येत नाही, चाळीस उभ्या राहिल्या की तिथल्या रहिवाशांना आपल्याच किनाऱ्यावर जाता येत नाही. जागेचा नेमका ठावठिकाणा मी माझ्या दोन लेखांत दिला होता. तो आता काढून टाकला आहे.

‘कोणावरही अवलंबून न राहता’ हा भ्रम आमच्या पिढीचा नाही, हे जाता जाता सांगण्याचा मोह आवरत नाही. हौसेखातर चाकांवरच्या घरातून दूरवर फिरणाऱ्या पहिल्या लोकांत गॉर्डन स्टेबल्स या वैद्याचे नाव घेतले जाते. 1885 साली त्यांनी ‘वाँडरर’ नावाची घोड्यांची गाडी खास बनवून घेतली आणि इंग्लंडहून स्कॉटलंडपर्यंत प्रवास केला. भटक्या, मुक्त जीवनाचे ते मोठे पुरस्कर्ते होते. त्यांच्यासोबत एक गाडीवान होता आणि एक सेवकही होता. रस्ता मोकळा आहे ना हे पाहत तो तीनचाकी सायकलवरून पुढे जात असे.

छायाचित्रांत आणखीही एक गोष्ट नव्हती, ती आपण विचारलीही नाही, तरी सांगते : बुरशी. झोपलेली दोन माणसे रात्रभरात श्वासावाटे सुमारे अर्धा लिटर पाणी हवेत सोडतात, आणि एक किलो प्रोपेन जळताना 1.6 किलो पाण्याची वाफ तयार होते. पत्र्याच्या थंड भिंतीवर हे सारे पाणी उतरते. पहिल्या हिवाळ्याअखेरीस आम्ही गादी उचलली, तेव्हा खालची फळी काळी पडली होती. त्यानंतर गादीखाली फटी असलेल्या पट्ट्या बसवल्या, स्वयंपाकाच्या वेळी छताचे झरोके उघडे ठेवू लागलो आणि ज्याचा धूर थेट बाहेर जातो अशाच हीटरवर रात्र काढू लागलो. कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र उशाशी आहे. त्या वायूला रंग नाही, वास नाही, त्यामुळे त्या बाबतीत नाकावर विसंबता येत नाही.

आजारपणाबद्दल लांबलचक लिहिण्यासारखे माझ्याकडे नाही. गेल्या वर्षी दोघांनाही एकामागून एक ताप आला आणि सात चौरस मीटरमध्ये रोगी व शुश्रूषा करणारा यांना वेगळे ठेवणे अशक्य आहे हे कळले. नेहमीचा डॉक्टर नसणे आणि कागदोपत्री पक्का पत्ता नसणे, या दोन अडचणी आजवर आम्ही एका नातलगाच्या घराचा पत्ता देऊन टाळल्या आहेत. म्हणजे तिथेही आम्ही कोणावर तरी अवलंबून आहोतच. म्हातारपणी हे जगणे चालेल असा दावा मी केला नव्हता आणि करणारही नाही.

मूळ लेखातील ते वाक्य मी बदलले आहे. आता तिथे ‘ज्या व्यवस्थांवर आम्ही अवलंबून आहोत त्यांचा हिशेब स्वतः ठेवत’ असे शब्द आहेत आणि त्याखाली आपल्या प्रतिक्रियेचा उल्लेख आहे. लेख पूर्णपणे मागे घ्यावा ही आपली सूचना मी स्वीकारलेली नाही, कारण त्यातील सूर्योदयही खरे होते.

हे किती दिवस चालणार, या प्रश्नाला माझ्याकडे अनपेक्षितपणे नेमके उत्तर आहे. आमच्या टायरांवर 2319 हे चार आकडे कोरलेले आहेत, म्हणजे ते 2019 सालच्या 23 व्या आठवड्यात बनले. आमच्यासारख्या, बराच काळ उभ्या राहणाऱ्या जड गाडीचे टायर झिजण्याआधी वयाने निकामी होतात. नक्षी शाबूत दिसत असली तरी रबर कडक होऊन कडेला बारीक तडे जातात. तसे तडे मागच्या डाव्या चाकावर गेल्या महिन्यात दिसले. नवा संच घेण्याआधी पुढे जायचे की थांबायचे हे ठरवायचे, असे आमचे दोघांचे ठरले आहे, आणि त्या बोलण्यात आपली प्रतिक्रियाही समोर असेल.