आश्रमशाळेत आठवडाभर शिकवायला येऊ नका, प्लीज

दिवाळीच्या आसपास दरवर्षी मेसेज येतात, आम्ही पाचसहा जण आहोत, एक आठवडा येऊन मुलांना इंग्लिश शिकवू का, सायन्सचे प्रयोग दाखवू का. सगळे मनापासून विचारतात, त्याबद्दल शंकाच नाही. पण मी आता सरळ नाही म्हणते, आणि का म्हणते ते एकदा नीट लिहायचं होतं.

मी मेळघाटात, धारणी तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत शिकवते, पगार नाही, राहणं-जेवण तिथंच. पोरं जवळजवळ सगळी कोरकू या आदिवासी समाजातली. आता कोरकू ही मराठीची बोली वगैरे नाही हो, ती मुंडा कुळातली भाषा, संथाळी-मुंडारीच्या नात्यातली. घरात कोरकू, धारणीच्या बाजारात हिंदी, आणि सहा वर्षांचं लेकरू घर सोडून वसतिगृहात आलं की पुढ्यात पुस्तक मराठी. ते गप्प बसतं आणि पाहुणे म्हणतात अभ्यासात मागे आहेत बिचारी! मागे कसली? दोन भाषा कानावर घेऊन आलेली पोरं आहेत ती, आपल्यालाच त्यांची भाषा येत नाही. राज्यघटनेत अनुच्छेद ३५०-क १९५६ पासून आहे, भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं यासाठी राज्यानं सोयी करायचा प्रयत्न करावा असं त्यात लिहिलंय, आणि आमच्याकडे लहान पोरांशी दिवसभर कोरकू बोलणारं मोठं माणूस कोण तर स्वयंपाकाच्या मावशी. मीही त्यांच्याकडूनच शिकले, संध्याकाळी भाजी निवडता निवडता, मिया, बारी, आपई असं मोजण्यापासून. वर्गात अर्धं कोरकू अर्धं मराठी बोलायला लागले तेव्हा कुठं पहिलीतली पोरं उत्तरं द्यायला लागली, चुकीची का होईना पण मोठ्यानं. हे आठवड्यात होत नाही.

शिवाय तास घेणं हा दिवसातला लहानसा भाग आहे. शाळा सुटते, बाहेरगावचे सर-मॅडम निघून जातात आणि मग सकाळपर्यंत एवढ्या पोरांमागं अधीक्षक, अधीक्षिका आणि चौकीदार, बस. कुणाला ताप, कुणाला खरूज, आणि खरजेचं औषध एकट्याला लावून भागत नाही, खोलीतल्या सगळ्यांना एकाच दिवशी लावायचं, चादरी-कपडे गरम पाण्यातून काढायचे, नाहीतर थोड्या दिवसांत परत सुरू. पावसाळ्यात लाइट जाते ती लवकर येतच नाही. लहान पोरं आईच्या आठवणीनं रडतात, एकानं सुरू केलं की अख्खी रांग रडते. त्या वेळी जो माणूस जवळ असतो ना, त्याचंच पोरं सकाळी गणिताच्या तासाला ऐकतात. आणि पाहुण्यांनाही ती फार पटकन जीव लावतात, मग आठवड्यानं पाहुणे जातात आणि आधीच घर सुटलेल्या पोराला अजून एक माणूस सुटतं. याचा मला खरंच राग येतो.

दिवाळीनंतर तर बरीच पोरं परत येतच नाहीत, आईबाप कामाला बाहेर निघतात ती त्यांच्याबरोबर जातात. होळी हा कोरकूंचा मोठा सण, त्याला सगळे गावी परततात. तेव्हा हजेरीवरून पोरांना ओरडण्यापेक्षा आपण गावात जावं, आईबापांशी बसून बोलावं, पुढच्या वर्षीची निम्मी हजेरी तिथंच ठरते.

म्हणून यायचंच असेल तर जूनअखेर शाळा उघडते तेव्हा या, निदान होळीपर्यंत राहायच्या तयारीनं. नोकरी-संसारामुळं नाही जमत तर काहीच हरकत नाही, पण मग सामान पाठवायच्या आधी तुमच्या ओळखीच्या आश्रमशाळेतल्या अधीक्षिकांना फोन करून काय हवंय ते विचारा. रंगपेट्या पुष्कळ येतात, खरजेचं मलम, चादरी आणि चार्जिंगचे दिवे कुणीच पाठवत नाही.