व्हिटबीला जाऊन नुसते फिश अँड चिप्स खाऊन आलात?

आज सकाळी आपल्या लीड्सच्या मराठी ग्रुपवर यॉर्कशायरच्या किनाऱ्यावरच्या व्हिटबीचे फोटो पडले. ॲबी (तिथला जुना पडका मठ), पायऱ्या, समुद्र, पोरांच्या हातात आईस्क्रीम, सगळं छान. आणि खाली एक ओळ, "तासभर रांगेत उभं राहिलो, मासा एकदम बेचव, उगाच नाव आहे." त्यावर धडाधड हसण्याच्या इमोजी आल्या आणि एकाने लिहिलं की इंग्रजांना मासे खायची अक्कलच नाही, आपलं कोकण ते कोकण. मी उत्तर टाईप केलं, पुसलं, परत टाईप केलं, शेवटी म्हटलं इथेच सविस्तर लिहिते कारण दोन ओळींत मावणारं नाहीये हे आणि मला खरंच राग आलाय.

काय खाल्लंत तुम्ही तिथे? हॅडॉक नाहीतर कॉड. इंग्लंडभरच्या चिप्पीत, म्हणजे फिश अँड चिप्सच्या दुकानात, मिळतो तसाच हा मासाही बहुतेक वेळा नॉर्वे, आइसलँडकडच्या समुद्रात पकडलेला, बोटीवरच गोठवलेला असतो. लीड्समध्ये घराखाली मिळतो तोच! म्हणजे दोन तास गाडी चालवून, पार्किंगला भांडून, तुम्ही एका जुन्या मासेमारीच्या बंदरात गेलात आणि तिथल्या होड्या जे आणतच नाहीत नेमकं तेच खाऊन आलात, आणि वर गावाला नावं ठेवताय.

मागच्या उन्हाळ्यात माझी आई मालवणहून आली होती तेव्हा तिला मी व्हिटबीला नेलं होतं. तिला इंग्रजी येत नाही. पण धक्क्यावर पोचल्यावर ती ॲबीकडे बघेचना. तिथे दोरांसकट रचून ठेवलेले ते पिंजरे असतात ना, पॉट म्हणतात त्यांना, त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली, एकाच्या जाळीत हात घालून तोंड कसं विणलंय ते बघितलं आणि म्हणाली, "म्हणजे हय कुर्ल्याच गावतत." इथे खेकडेच सापडतात. बस. गाईडबुक नाही, गुगल रिव्ह्यू नाही, एका मिनिटात तिला कळलं या बंदरात काय खायचं.

तेच तर सांगतेय मी. व्हिटबीच्या होड्या आज मुख्यतः खेकडा आणि लॉबस्टर, म्हणजे आपल्या शेवंडीचा नांग्यावाला भाऊबंद, याच्यावर जगतात. एकेकाळी हेरिंग नावाची मासळी होती, हेरिंगच्या मागोमाग स्कॉटलंडहून बायका यायच्या, धक्क्यावर उभ्या राहून मासे साफ करून खारवायच्या. त्याच्या आधी १७५३ पासून इथली जहाजं देवमाशांच्या शिकारीला जायची, वर वेस्ट क्लिफवर देवमाशाच्या हाडांची कमान आहे तिथे सगळे सेल्फी काढतात, ती त्याचीच आठवण. कॅप्टन कुक इथेच शिकाऊ म्हणून राहिला, त्याचं एंडेव्हर जहाज इथेच बांधलेलं. हे सगळं संपलं, पुढे कॉडही आटला, उरले ते पिंजरे टाकणारे. आणि आपण त्यांचं काही न खाता निघून येतो.

परत आईकडे येते. धक्क्याजवळच्या टपरीवर उकडलेले अख्खे खेकडे मांडले होते. आईने एक उचलला, ठेवला. दुसरा उचलला, तळहातावर जोखला, पोटाकडून अंगठ्याने दाबून बघितला, ठेवला. मला वाटलं आता तो माणूस ओरडणार. त्याने काय करावं, मागच्या क्रेटमधून स्वतः एक काढला आणि तिच्या हातात ठेवला. तिने जोखला आणि मान हलवली. आकार लहान, पण भरलेला. मग मला म्हणते, विचार त्याला, अमावस्या जवळ आली काय? आपल्याकडे अमावस्येचे खेकडे भरलेले म्हणतात ना. मी विचारलं, तो हसला आणि म्हणाला की त्याच्या आजोबांचंही चंद्राबद्दल काहीतरी म्हणणं असायचं. अशा माणसांना मासे खायची अक्कल नाही म्हणता तुम्ही? ज्याने हे लिहिलं त्याने आयुष्यात कधी स्वतः खेकडा निवडलाय का, हे मला विचारायचंय.

बरं, फिश अँड चिप्स वाईट असतात असं माझं म्हणणं नाही. तिथल्या मॅगपाय कॅफेच्या बाहेर लोक उगाच उभे राहत नाहीत, ताजं तळलेलं, गरमागरम, वर व्हिनेगर, थंडीवाऱ्यात छान लागतं, मुलांना तर तेच हवं असतं. मान्य. पण एक गोष्ट आपल्या ग्रुपवर कोणीच बोलत नाही ती मी बोलते. यॉर्कशायरमध्ये बऱ्याच ठिकाणी हे सगळं बीफ ड्रिपिंगमध्ये, म्हणजे बीफच्या चरबीत तळतात. नुसत्या चिप्ससुद्धा. जे खात नाहीत त्यांनी आधी विचारा, वनस्पती तेलात तळणारेही आहेत. चार वर्षं इथे राहून ज्यांना हे माहीत नव्हतं असे लोक मला भेटलेत, आणि कळल्यावर त्यांचे चेहरे बघवत नाहीत.

खेकड्याचं सांगते. तिथे ड्रेस्ड क्रॅब मिळतो, म्हणजे उकडून, आतलं सगळं काढून, साफ करून, परत त्याच्याच कवचात भरलेला. पांढरं मांस एकीकडे, तपकिरी एकीकडे. ज्यांना फोडत बसायचं नाही त्यांनी तो घ्यावा, लिंबू पिळावं आणि बाकावर बसून खावा, सीगलपासून सांभाळून. ब्रेडमध्ये भरलेला क्रॅब सँडविचही चालेल. पण तपकिरी भाग टाकू नका! बरेच गिऱ्हाईक म्हणे फक्त पांढरंच मागतात. आईने बाकावर कागद पसरला, कवच उघडलं, कल्ले काढून टाकले आणि आधी तपकिरी भागच बोटाने पुसून खाल्ला, मग नांग्या. तोंडाने काही बोलली नाही, मसाला नाही म्हणून कुरकुर नाही की तिरफळ नाही म्हणून नाही. ताजा खेकडा नुसता उकडला तरी गोड लागतो हे तिला नवीन नव्हतंच. मसाल्याशिवाय चव नाही म्हणणारे आपण शहरातले लोक, समुद्राकाठची माणसं असं म्हणत नाहीत.

लॉबस्टर महाग पडतो, रोज खायची गोष्ट नाही, पण कोणाचा वाढदिवस असेल तर तिथेच खा. आणि त्या नांग्यांना रबर लावलेले निळे-काळे जीव बघाल तेव्हा हेही लक्षात ठेवा की ८७ मिलीमीटरपेक्षा लहान कवच असेल तर तो परत समुद्रात जातो, पोटाखाली अंडी असलेली मादी असेल तर तीही सोडायची, २०१७ पासून इंग्लंडात तसा कायदाच आहे. व्हिटबीत लॉबस्टरची पिल्लं वाढवून समुद्रात सोडणारी हॅचरीसुद्धा आहे. आपल्याकडे गाबोळी भरलेले मासे दिसले की आपण जास्त पैसे देऊन घेतो, मीही घेते, त्यामुळे अक्कल कोणाला आहे आणि कोणाला नाही यावर मी पुढे बोलत नाही.

किपर, म्हणजे धुरावलेली हेरिंग, राहिलाच. पुलापलीकडे १९९ पायऱ्यांच्या पायथ्याशी हेन्रिएटा स्ट्रीट सुरू होते, त्या गल्लीत फॉर्च्यून्सचं दुकान आहे, १८७२ पासूनचं. हेरिंग पाठीतून चिरून, उघडून, मिठाच्या पाण्यात घालून, मग ओकच्या वगैरे लाकडाच्या धुरात टांगतात. स्मोकहाऊसच्या भिंती आतून डांबर फासल्यासारख्या काळ्या. गल्लीत शिरल्या शिरल्या वास येतो, आई थांबलीच, म्हणाली, "ह्यो आमच्यातलो वास." हेरिंग आता व्हिटबीच्या होडीतली नसते, बाहेरून येते, हे कोणी कमेंटमध्ये लिहायच्या आधी मीच लिहिते. पण धूर इथला, हात इथले आणि दीडशे वर्षांची सवय इथली. घरी आणून उंच भांड्यात शेपटी वर ठेवून उभा करा, उकळतं पाणी ओता, पाचेक मिनिटं झाकून ठेवा, झाला. तव्यावर टाकलात तर स्मोक अलार्म वाजेल आणि आठवडाभर पडद्यांना वास राहील.

आता थोडं शांत झालेय लिहिता लिहिता. एक सांगायचंय. २०२१ च्या शरद ऋतूत टीस नदीच्या मुखापासून खाली व्हिटबीपर्यंत खेकडे आणि लॉबस्टर मरून किनाऱ्याला लागले होते, ढिगाने. सरकारने आधी शेवाळ म्हटलं, मग नेमलेल्या तज्ज्ञांनी एखादा नवीन रोग असू शकतो म्हटलं, मच्छीमार गाळ उपसण्याकडे बोट दाखवत राहिले, आणि नक्की कारण शेवटपर्यंत सिद्ध झालंच नाही. कर्ज काढून होडी घेतलेल्या माणसाने रिकामे पिंजरे वर ओढायचे, पुढच्या दिवशी परत ओढायचे. आपल्या गावातल्या रापणकरांनी, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्यांनी, मोठ्या यांत्रिक होड्यांच्या पर्ससीनवाल्यांच्या नावाने बोंब मारली तेव्हा कोणी ऐकलं का पटकन? तसंच आहे हे, समुद्र फक्त वेगळा.

आणि जे सापडतं त्यातलं किती इथे खाल्लं जातं? आईने विचारलं होतं मला. धक्क्यावर क्रेट ट्रकमध्ये चढत होते, तिने बोट दाखवलं, "ह्या सगळा जाता खय?" फ्रान्स, स्पेन. टाक्यांच्या ट्रकमधून जिवंत जातात. तिला ते पटेचना. समोर एवढी रांग आणि माल चालला परगावी! मलाही पटत नाही. हॉटेलवालेही गिऱ्हाईक मागेल तेच ठेवणार, कळतं मला, पण मग मागा ना. काउंटरवर विचारा, आज इथल्या बोटींचं काय आलंय? बहुतेक वेळा खूष होऊन सांगतात. एप्रिल ते ऑक्टोबर खेकड्याचे दिवस, सरळ तेव्हा जा. गर्दी नको असेल तर वर स्टेथ्सला जा, छोटं गाव, तिथेही पिंजरे आणि होड्या.

ग्रुपची ऑगस्टच्या बँक हॉलिडेची ट्रिप ठरतेय, मीही येणार आहे. बंदरावर पोचल्यावर आधी खेकडा, मग बाकी सगळं. ज्यांना रांगेतच उभं राहायचंय त्यांनी खुशाल राहावं, मी पलीकडे हेन्रिएटा स्ट्रीटवर असेन. किपर कोणाला किती हवेत ते आदल्या दिवशीपर्यंत सांगा, कूलबॅग माझ्याकडे एकच आहे.