'फक्त झोपायचंच तर आहे!'

पुण्याहून गाडीने तंजावरला जायचं ठरलं तेव्हा नातेवाईक, शेजारीपाजारी, ऑफिसातले, सगळ्यांनी प्रश्न विचारले. गाडी ॲव्हरेज किती देते, टोल किती लागेल, तिकडे पोळी मिळते का. रात्री कुठे राहणार, हे एकानेही विचारलं नाही. आपणहून विषय काढला तर उत्तर ठरलेलं, "मिळेल गं कुठेतरी. फक्त झोपायचंच तर आहे!"

या वाक्यावर माझा राग आहे आणि तो २०१९ पासूनचा आहे.

त्या मे महिन्यात आम्ही पुणे-बंगळूर एका दिवसात करायला निघालो होतो. साधारण ८४० किलोमीटर. नवऱ्याच्या मित्राने छातीठोकपणे सांगितलं होतं, "पहाटे चारला निघा, संध्याकाळचा चहा बंगळुरात." तो मित्र एकटा जातो, हे आमच्या लक्षात यायला हवं होतं. आमच्या गाडीत तीन वर्षांचा मुलगा, नऊ वर्षांची मुलगी आणि सत्तरी ओलांडलेले माझे सासरे, म्हणजे अण्णा. निघेपर्यंतच पावणेसहा झाले. खंबाटकीत मुलगा ओकला. मग कपडे बदला, सीट पुसा. असं करत रात्री साडेनऊला आम्ही चित्रदुर्गच्याही अलीकडे, आणि नवऱ्याचे डोळे मिटायला लागलेले. जे पहिलं लॉज दिसलं तिथे शिरलो. दुसरा मजला, लिफ्ट नाही आणि संडास भारतीय पद्धतीचा. अण्णांचे दोन्ही गुडघे गेलेले.

खालच्या खानावळीत आम्ही जेवायला बसलो, अण्णांनी ताट परत पाठवलं. "भूक नाही गं," म्हणाले. पाणीही दोन घोटच प्यायले. मला वाटलं, दमलेत. दुसऱ्या दिवशी दुपारी बंगळूरला दिराच्या घरी पोचल्यावर त्यांनी आधी बाथरूम गाठलं आणि बाहेर येऊन तीन पोळ्या खाल्ल्या, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सकाळी बसता येणार नाही म्हणून त्या माणसाने आदल्या रात्रीच जेवण टाळलं होतं. सुनेला हे सांगणार तरी कसं!

तर झोप हा मुक्कामाचा एक भाग झाला, आणि खरं सांगायचं तर सोपा भाग. उरलेलं सगळं म्हणजे पोट, गुडघे, ओले टॉवेल, औषधं, कंटाळलेली पोरं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आठ तास स्टिअरिंगवर बसणारा माणूस.

२०२४च्या नाताळात तंजावरला निघताना मी उलट्या बाजूने सुरुवात केली. मुक्काम आधी, रस्ता नंतर. किलोमीटर धरलेच नाहीत, वेळ धरली. संध्याकाळी पाचच्या आत चप्पल खोलीत निघाली पाहिजे. डिसेंबरात सहाला अंधारून येतं. नव्या गावात अंधारात वळण चुकलं की गाडीतल्या सगळ्यांचा आवाज चढतो, हे ज्यांनी भोगलंय त्यांना सांगायला नको. मोबाइलवरचा नकाशा जी वेळ दाखवतो त्यात मी सरळ एक तृतीयांश मिळवते. अण्णांची गोळी लघवी वाढवणारी आहे, दर दीड तासाला थांबावं लागतं. "अण्णा, थांबायचं का?" असं विचारलं तर ते कायम "चालू दे, चालू दे" म्हणतात. म्हणून विचारायचंच नाही, दीड तास झाला की गाडी बाजूला. हे सगळं धरून तासाला पन्नास किलोमीटर पडतात. हायवे कितीही गुळगुळीत असो. आणि आपला सातारा-कागल पट्टा तर सहापदरीकरणाच्या कामामुळे कुठे कसा वळवला असेल याचा नेम नाही, तिथे पन्नासही गोड मानून घ्यायचे.

हिशोब असा मांडल्यावर पहिला मुक्काम आपोआप धारवाडला पडला. चारशेच्या थोडं वर. नवरा म्हणाला, "अजून उजेड आहे, हावेरी तरी गाठू." नाही गाठलं. साडेतीनला खोलीत सामान टाकलं, पोरं हॉटेलच्या आवारात पळापळी करायला सुटली, मी चक्क तासभर झोपले. अण्णा वॉचमनशी मराठीत गप्पा मारत बसले (त्याची आजी निपाणीची निघाली) आणि संध्याकाळी रिक्षा करून लाइन बाजारातून पेढे घेऊन आले. आमच्या प्रवासातला सगळ्यात छान दिवस कुठला असं विचारलं तर अण्णा अजून धारवाड म्हणतात. बघितलं काय, तर काही नाही.

दुसरा मुक्काम तुमकूर. यावर बरीच चेष्टा झाली. बंगळूर सत्तर किलोमीटरवर असताना तुमकूरला कोण राहतं? पण मोठं शहर संध्याकाळी गाठणं आणि सकाळी तिथून निघणं, दोन्ही वेळा आपण नेमके त्या शहराच्या ऑफिसच्या गर्दीत सापडतो. शहराच्या अलीकडे राहावं आणि ते झोपेत असताना ओलांडावं. सव्वापाचला तुमकूर सोडलं, नाइस रोडने बाहेरच्या बाहेर इलेक्ट्रॉनिक सिटीकडे उतरलो तेव्हा सात वाजायचे होते. होसूरच्या पुढे इडली खाल्ली. एरवी याच अंतरात लोकांची अर्धी सकाळ जाते.

इथे एक जरा विषयांतर करते. तंजावरच्या आधी आम्ही तमिळनाडूतल्या जिंजीच्या किल्ल्याला चाललो होतो, त्याच जिंजीची वाट राजाराम महाराजांनी १६८९ मध्ये धरली होती, मागे मोगल आणि अंगावर लिंगायत वाण्याचा वेश. केळदीच्या चेन्नम्मा राणीने त्यांना आसरा दिला, वाट दिली. आणि संकट आलं कुठे? असं सांगतात की बंगळूरच्या मुक्कामात. धर्मशाळेत नोकर महाराजांचे पाय धुताना लोकांनी पाहिलं, हा साधा वाणी नव्हे असा संशय आला आणि महाराजांना तातडीने पुढे काढून त्यांचे चिटणीस खंडो बल्लाळ मागे थांबले, पकडले गेले, मार खाल्ला. तुमकूरच्या खोलीत मी हे मुलांना सांगितलं तर धाकटा म्हणाला, "म्हणजे त्यांनी पण आधी फोन केला नव्हता?"

फोनचं खरंच मनावर घ्या. ऑनलाइन फोटोत सगळ्या खोल्या सारख्याच दिसतात. बुकिंग कुठूनही करा, पण आदल्या दिवशी हॉटेलला स्वतः फोन लावा आणि नेमकं विचारा. कमोड आहे का. लिफ्ट रस्त्यापासून आहे की सहा पायऱ्या चढल्यावर. गाडी आवारात राहील की रस्त्यावर. आणि गरम पाणी किती वाजता. हा शेवटचा प्रश्न कोणी विचारत नाही. बऱ्याच लॉजवर पाणी सोलरचं किंवा बंबाचं, सकाळी सहा ते आठ एवढंच. तुम्ही पाचला निघणार असाल तर आंघोळ रात्रीच उरकायची, हे आधी माहीत असलं की चिडचिड होत नाही. तिकडे काही लॉजवर चेकआउट चोवीस तासांचा असतो, म्हणजे तीनला खोली घेतली तर दुसऱ्या दिवशी तीनपर्यंत ती आपली. जिथे दोन रात्री राहायचंय तिथे याचा फार उपयोग होतो.

आणि तो फुकटचा नाश्ता! साडेसातला सुरू होतो. पैसे भरलेत म्हणून आपण थांबतो, पोरं दोनदा ज्यूस घेतात, निघायला नऊ वाजतात. गार हवेचे आणि मोकळ्या रस्त्याचे तीन तास आपण चार थंड पुऱ्यांसाठी घालवलेले असतात. आमच्या घरात यावर अजून एकमत नाही, हे कबूल करते. नवऱ्याच्या मते पुऱ्या थंड नव्हत्या.

तिसरा मुक्काम तिरुवण्णामलै, तिथून जिंजी चाळीसेक किलोमीटर. इथे आम्ही थोडक्यात वाचलो. पहिला बेत मुलांची शाळा बुडवून १४ डिसेंबरला तिथे पोचायचा होता. हॉटेलवाल्याला फोन केला तर तो हसला. "मॅडम, पौर्णमी!" दर पौर्णिमेला तिथे अरुणाचल पर्वताला चौदा किलोमीटरची प्रदक्षिणा असते, गिरिवलम म्हणतात. लाखो माणसं येतात, गावात गाडी शिरू देत नाहीत. त्यातून ही कार्तिक दीपमची पौर्णिमा. आपण गुगलवर हॉटेलचे स्टार बघत बसतो आणि पंचांग बघत नाही. आषाढी एकादशीला पंढरपुरात कोणी तमिळ कुटुंब गाडी घेऊन खोली शोधत आलं तर आपण काय म्हणू?

दुसरी चूक हवामानाची. डिसेंबर म्हणजे कोरडा, हे आपल्याकडचं झालं. तमिळनाडूचा मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरात पडतो. त्या वर्षी ३० नोव्हेंबरला फेंगल चक्रीवादळ पुदुच्चेरीजवळ किनाऱ्यावर आलं आणि विळुप्पुरम, तिरुवण्णामलै भागाची दैना झाली. आम्ही महिनाभराने गेलो, पण एक दिवस मुद्दाम रिकामा ठेवून. पाऊस आलाच नाही. तो दिवस तिरुवण्णामलैतच गेला, कपडे धुण्यात आणि अण्णांच्या पायांना तेल लावण्यात.

जिंजीला सकाळी लवकर पोचा, ऊन चढलं की राजगिरीच्या पायऱ्या जीव काढतात. अण्णा आणि मी खालीच धान्याच्या कोठारापाशी बसलो. बाकीचे वर जाऊन आले. मोगलांचा वेढा पडलेला असताना मराठ्यांची राजधानी सुमारे आठ वर्षं इथून चालली. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत आपले बारा किल्ले गेले, त्यातला महाराष्ट्राबाहेरचा हा एकच. तंजावरबद्दल वेगळी पोस्ट लिहीन. बृहदीश्वराच्या भिंतीवर दुसऱ्या सरफोजींनी १८०३ मध्ये कोरून घेतलेला भोसल्यांचा मराठी इतिहास लेकीने अक्षर लावत लावत वाचला, एवढंच आत्ता सांगते.

सामानाचं एक राहिलं. वाटेतल्या मुक्कामाला डिकी रिकामी करायची नाही. आमची एक निळी पिशवी आहे, भाजीची असते तशी, जरा मोठी. पाच जणांचे रात्रीचे कपडे, ब्रश, चार्जर, अण्णांच्या गोळ्यांचा डबा, नायलॉनची दोरी, दोन चिमट्यांची पाकिटं, एक जुनी चादर. खोलीत फक्त ती जाते. दोरी विसरू नका. खिडकीच्या गजाला एक टोक, कपाटाच्या कडीला दुसरं, की टॉवेल सकाळपर्यंत वाळतात.

सगळ्यात जास्त भांडण परतीला झालं. परतीचे मुक्काम कोणी आखतच नाही, सगळ्यांना घर दिसायला लागतं. शेवटच्या दिवशी दुपारी चारला आम्ही कोल्हापुरात होतो. घर २३० किलोमीटर. नवरा म्हणाला, "आता कसला मुक्काम! साडेआठला घरी, आपल्या गादीवर." मी म्हटलं, साडेआठ तुझ्या मित्राचे, आपले दहा. वाटेत ती सगळी रस्त्याची कामं, अंधार, आणि दोन आठवड्यांचा थकवा. पोरं त्याच्या बाजूने. मी एकटी. गाडी दहा मिनिटं एका रसवंतीसमोर तशीच उभी.

मागून अण्णांचा आवाज आला, "मला थांबायचंय."

सोळा वर्षांच्या संसारात मी त्यांच्या तोंडून हे पहिल्यांदा ऐकलं. खोली मिळाली, कमोडची, तळमजल्यावर. रात्री अण्णा दोन वाट्या पांढरा रस्सा प्यायले.

आता पुढच्या वर्षी ओडिशाचं चाललंय. कोणार्क, पुरी. नवऱ्याने अजून नकाशा उघडलेला नाही, पण अण्णा कालनिर्णय घेऊन बसलेत आणि मला मघाशी विचारत होते, "पुरीला गर्दीच्या तिथी कोणत्या, तुला काही कल्पना?"

ओडिशाच्या वाटेवरचे कोणी आहे का इथे? रायपूरच्या अलीकडे, आवारात गाडी राहील असं साधं ठिकाण सुचवा. गरम पाण्याची वेळ माहीत असेल तर तीही लिहा.