हवं तिथे थांबा!

अमेरिकेतली ती फिरत्या घरासारखी आरव्ही म्हणजे मागे संडास असलेली एसटी, ही माझी व्याख्या जावईबापूंना मान्य नाही. त्यांच्या मते आरव्ही म्हणजे स्वातंत्र्य. हवं तिथे थांबा, हवं तिथे झोपा! मे महिन्यात हे भाड्याचं, लांबलचक स्वातंत्र्य घेऊन आम्ही शिकागोहून आयोवातल्या पेला गावी ट्यूलिप उत्सवाला पोचलो, आणि हवं तिथे थांबायला जागा शोधत चौकाला प्रदक्षिणा घालत बसलो.

शेवटी हे खाली उतरले. वीज मंडळातून निवृत्त झाल्यापासून ह्यांना हुकूम सोडायला माणसं मिळत नाहीत. "येऊ द्या, येऊ द्या... काट मारा जावईबापू, फुल काट... बस्स!" लाकडी बूट आणि पांढऱ्या टोप्या घातलेल्या दोन आज्या कौतुकाने थांबल्या. हाही कार्यक्रमाचाच भाग असावा, असं त्यांना वाटलं असणार. त्यातल्या एकीने टाळ्या वाजवल्यावर हे पुन्हा एकदा "येऊ द्या" म्हणाले. गाडी अखेर गावाबाहेर लागली आणि आम्ही चालत परत आलो.

गाव मात्र दृष्ट लागण्यासारखं. चौकाभोवतीच्या दुकानांना डच पद्धतीचे दर्शनी भाग, जिकडे तिकडे ट्यूलिप. १८४७ साली हेन्ड्रिक स्खोल्टे नावाचा धर्मगुरू हॉलंडहून सुमारे ८०० माणसं घेऊन इथे आला. सरकारमान्य चर्चशी त्यांचं पटत नव्हतं. पहिल्या हिवाळ्यात बरेच जण जमीन खणून, वर गवत शाकारून राहिले. स्खोल्टेबाईंनी जपून आणलेली, हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावची निळी भांडी वाटेतच फुटली, असं सांगतात. हे ऐकून मला एकदम बाई जवळची वाटली. आमच्या आरव्हीत दर वळणाला वरचं कपाट उघडून स्टीलच्या वाट्या डोक्यावर येत होत्या. फुटत नव्हत्या, एवढाच काय तो फरक. नवऱ्यांच्या हौसेपायी बायकांनी भांडी बांधायची, हे तेव्हाही होतंच.

गावातली व्हर्मीर पवनचक्की २००२ साली उभी राहिली. तिचे भाग हॉलंडमध्ये बनवून इथे आणून जोडले. उंची १२४ फूट. ह्यांचे डोळे चमकले. "किती किलोवॅट?" वीज नाही, वाऱ्यावर गहू दळतात, असं कळल्यावर हे खट्टू झाले. "म्हणजे पिठाची गिरणी!" मग मान वर करून पात्यांचा वेग मोजत उभे राहिले, ते बेकरीच्या वासानेच हलले. इथे बदामाचा गोळा भरलेला, इंग्रजी एस अक्षरासारखा वळलेला खुसखुशीत पदार्थ मिळतो. त्याला डच लेटर म्हणतात. लेकीने डबाभर घेतले. "बाबांची शुगर!" असं म्हणत डबा माझ्याकडे दिला. माझ्या शुगरची चौकशी कोणी केली नाही.

दुपारी मिरवणुकीआधी पारंपरिक वेशातली मंडळी बादल्या आणि लांब दांड्याचे ब्रश घेऊन रस्त्यावर उतरली. आधीच लखलखीत असलेला रस्ता त्यांनी घासूनपुसून धुतला. मला भरून आलं.

आमची स्वच्छता मोहीम दुसऱ्या सकाळी होती. रेड रॉक तलावाजवळ आरव्हींच्या मुक्कामाच्या तळावर टाकी रिकामी करायची सोय होती. संडासाची टाकी आधी सोडायची, मग आंघोळ-भांड्यांच्या पाण्याची, म्हणजे त्या साबणाच्या पाण्याने नळी धुऊन निघते. जावईबापूंनी त्याचा व्हिडिओ पाहिला होता. ह्यांनी पाहिला नव्हता, म्हणून सूचना ह्यांच्याच. हातमोजे चढवून दोघे वाकले. मागे चार गाड्यांची रांग लागलेली. "आधी झडप! नाही, नळी! थांबा, नळी बसलीय का?" लेक मोबाईलवर शूटिंग करायला उतरली आणि लगेच नाकाला ओढणी लावून परत आली.

"आई, काच वर कर."

मी केव्हाच केली होती. डबाही उघडला होता.

"येऊ द्या, येऊ द्या!" बाहेरून ह्यांचा आवाज आला.