शून्यातून? अहो, शून्य तरी कुणाचं?

परवा एका सत्काराला गेलो होतो. आपल्याच सोलापूरचा पोरगा, सॉफ्टवेअरमध्ये चांगलं नाव काढलंय, कौतुक आहेच. पण भाषणात तीनदा म्हणाला, "मी सगळं शून्यातून उभं केलं." तिसऱ्या वेळी शेजारी बसलेले अण्णा पुटपुटले, "शून्य तरी ह्यानं केलं का ओ?" (शून्याची बेरीज-वजाबाकी कशी करायची ते ब्रह्मगुप्तानं 628 मध्ये लिहून ठेवलंय. अण्णांना तो ठाऊक नाही, पण पकडलं बरोबर.)

अण्णा म्हणजे सोलापूरच्या पूर्व भागातले आमचे जुने शेजारी. घरात तेलुगू, आमच्याशी मराठी. जन्मभर जकार्डची, म्हणजे मागावर नक्षी विणवणाऱ्या जोडयंत्राची, कार्डं मारली. चादरीवरचा मोर आधी चौकटींच्या कागदावर उतरायचा, मग अण्णा एकेक ओळ बघून पुठ्ठ्याच्या पट्टीवर भोकं पाडायचे. भोक असेल तिथं सुई आत जाते, हुक वर उचलला जातो आणि त्याच्यासोबत ताण्याचा, म्हणजे उभा, धागा. भोक नाही, तर धागा खालीच. अशी शेकडो कार्डं दोरीनं ओवली की त्यांची माळ मागाच्या डोक्यावर फिरत राहायची. एक भोक चुकलं की प्रत्येक मोराच्या मानेवर तोच डाग! मग खळ लावून कागदाचा तुकडा चिकटवायचा. ते काम माझं. बोटं दिवसभर चिकट. पुढं कॉम्प्युटरच्या क्लासात सर 'पॅच' म्हणजे प्रोग्रॅममधल्या चुकीवर लावायचं ठिगळ, असं समजावायला लागले, तेव्हा मला हसूच फुटलं.

मागाला नाव मिळालं ते जकार्ड नावाच्या माणसाचं. फ्रान्समधलं लियाँ, साल 1804. पण त्याच लियाँत बाझील बूशाँनं 1725 मध्येच भोकं पाडलेल्या कागदानं माग चालवायचा घाट घातला होता. फाल्कननं कागदाच्या जागी कार्डं आणली, व्होकान्साँनं त्यात भर घातली, आणि व्होकान्साँचा पडून राहिलेला माग दुरुस्त करता करता जकार्डचा माग उभा राहिला. तीच कार्डं चार्ल्स बॅबेजनं आपल्या गणिती यंत्रासाठी घेतली. यंत्र काही पुरं झालं नाही, ते जाऊ दे. 1890 ची अमेरिकेची जनगणना हर्मन हॉलरिथनं भोकांच्या कार्डांवर मोजली आणि त्याची कंपनी इतर कंपन्यांत मिसळून पुढं आयबीएम ही कॉम्प्युटरवाली कंपनी झाली. म्हणजे आपल्या सत्कारमूर्तीच्या लॅपटॉपचा एक पणजोबा मागावर बसलेला.

पोराची मेहनत खोटी आहे असं मी म्हणत नाही. मला टोचतं ते वेगळंच. लियाँवाल्यांची नावं निदान पुस्तकात आहेत. आपल्या चादरीवरचा मोर पहिल्यांदा कागदावर कुणी काढला, हे मी पूर्व भागात चार जणांना विचारलं. चौघांनी चार आडनावं सांगितली.

अण्णा काम करायचे तो कारखाना बंद झाला तेव्हा कार्डांच्या माळा किलोवर रद्दीत गेल्या. मी एक कार्ड तेवढं उचलून आणलं होतं. सत्काराहून परतताना ते अण्णांना दाखवलं. त्यांनी ते दिव्यासमोर धरलं, उलटंपालटं केलं आणि परत दिलं.

"एकट्या कार्डावरून काय कळतंय? मागचं-पुढचं आण की."